खिडकीमागची चित्रं : एका जिल्ह्याच्या गावातलं व्यंगचित्र प्रदर्शन

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावचं. गावाचं, माणसांचं आणि संबंधित दिवाळी अंकाचं नाव काढलं आहे, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी आयोजकांच्या बैठकांना बसत होतो आणि चित्रांखालच्या पट्ट्यांचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे वाद कुठे अडला आणि कसा सुटला, किंवा नाही सुटला, हे जवळून बघायला मिळालं.

पार्श्वभूमी

या गावात एक व्यंगचित्रकार राहत. सरकारी कचेरीत नोकरी, संध्याकाळी चित्रं. मराठी व्यंगचित्रकलेतली बरीच मंडळी अशीच नोकरी सांभाळून काढत आली. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. ज्यांना वर्तमानपत्रात कायमची खुर्ची मिळाली ते थोडे. बाकीच्यांचं अंगण म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची चाल पाडली आणि पुढे विनोदी अंकांची एक वेगळी पंगतच बसली. आमचे चित्रकार त्या पंगतीतले नेहमीचे. पाऊस सुरू झाला की टेबलावर दिवा लागायचा, श्रावणापर्यंत चित्रांचा गठ्ठा रजिस्टर पोस्टाने रवाना व्हायचा आणि मानधन मनीऑर्डरने यायचं. गावात त्यांना ‘हापिसातले अमुक’ म्हणूनच ओळखत. हा माणूस पुण्या-मुंबईच्या अंकांत छापून येतो हे शेजारच्यांनाही फारसं माहीत नव्हतं.

ते गेल्यावर काही वर्षांनी चौघांनी मनावर घेतलं. एक निवृत्त कलाशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात. एक फ्रेमवाले काका, ज्यांच्या दुकानात गावातल्या प्रत्येक सत्काराचं मानपत्र काचेत जातं. एक बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार. आणि चौथी, टॅबलेटवर कॉमिक काढून इन्स्टाग्रामवर टाकणारी विशीतली मुलगी. ती सर्वांत लहान, पण व्यंगचित्र विकून पैसे कमावणारी चौघांत ती एकटीच. बाकी तिघांना हे लक्षात यायला वेळ लागला.

तारीख ५ मेच्या आसपासची ठरली. १८९५ साली याच दिवशी ‘यलो किड’ म्हणून पुढे गाजलेलं पोरगं न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात रंगीत छापून आलं, म्हणून हा दिवस व्यंगचित्रकारांचा मानतात. आपल्याकडेही आता त्या निमित्ताने प्रदर्शनं भरतात. नगरपालिकेचं कलादालन तीन दिवसांसाठी लगेच मिळालं. मे महिन्यात ते कुणीच मागत नाही. आत कूलरसुद्धा नाही.

अडचण

हॉल ठरल्यावर सगळे चित्रकारांच्या घरी गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कपाट उघडून दिलं. आत ब्राउन पेपरच्या पाकिटांत चित्रं होती, नीट, वर्षवार. सरांनी पहिलं पाकीट उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. प्रत्येक चित्राला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती : साभार परत.

तेव्हाची रीतच तशी होती. न आवडलेलं चित्र संपादक परत पाठवत. आवडलेलं चित्र ब्लॉकमेकरकडे जाई, त्याचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, होई, अंक छापला जाई आणि मूळ कागद संपादकाच्या कपाटात किंवा छापखान्याच्या माळ्यावर पडून राही. तो परत मागायचा असतो हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. मनीऑर्डर आली म्हणजे व्यवहार संपला. म्हणजे तीस वर्षांचं नापास झालेलं काम घरात, आणि पास झालेलं बाहेर. घरच्या गठ्ठ्यावर प्रदर्शन भरवलं असतं तर गावाने आपल्या चित्रकाराची ओळख त्याच्या नाकारलेल्या चित्रांवरून करून घेतली असती.

पास झालेली चित्रं कुठे होती तेही काकूंनाच ठाऊक होतं. ज्या विनोदी अंकात त्यांची सर्वांत जास्त चित्रं आली, त्याचे संपादक वारले, अंक बंद पडला आणि छापखाना विकला गेला, तेव्हा संपादकांच्या मुलाने दोन ट्रंका घरी आणल्या होत्या. तो शेजारच्या शहरात राहतो, हार्डवेअरचा धंदा करतो. सर आणि खजिनदार त्याच्याकडे गेले. त्याने ट्रंका उघडून दाखवल्या आणि तिथेच स्पष्ट सांगितलं, “बाबांनी प्रत्येक चित्राचे पैसे मोजलेत. चित्रं आमची आहेत. प्रदर्शनाला देतो, पण अंकाचं नाव वर पाहिजे, आणि त्यातली दहाबारा तिथेच विकायला ठेवायची. मुंबईचं एक गिऱ्हाईक विचारतंय.”

काकूंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “विकायची? ती वाळत घातली मी. शाई वाळेपर्यंत पंखा लावायचा नाही घरात, मे महिन्यात का असेना.”

अडचण इथेच संपत नव्हती. त्या दोन ट्रंकांतला मोठा भाग खिडकीचित्रांचा होता. नव्या वाचकांसाठी सांगायला हवं : ‘आवाज’ या दिवाळी अंकाने गाजवलेला आणि मग इतर विनोदी अंकांनी उचललेला हा प्रकार. पानाला एक चौकोनी भोक पाडलेलं असतं. त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो आणि वरच्या चित्रात तो चावट वाटतो. पान उलटलं की भलतंच निघतं. उदाहरणच द्यायचं तर आमच्या चित्रकारांचं एक असं : न्हाणीघराच्या झरोक्याशी एक बाबू टाचा उंचावून उभा, आणि आत दिसतेय उघडी गोरी पाठ, तिच्यावर लांबलचक वेणी. पान उलटा. पाठ पैलवानाची आणि वेणी म्हणजे तालमीतला चढायचा दोर.

हे मोडीत काढावं असं नाही आणि शाळकरी पोरांसमोर बिनधास्त टांगावं असंही नाही. शिवाय सगळीच खिडकीचित्रं या पैलवानाइतकी निरागस नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार खजिनदारांचा होता, आणि पैशाच्या दृष्टीने तो बरोबर होता : मूळ चित्रांच्या मागे लागूच नका. ग्रंथालयात जुने अंक आहेत, ते स्कॅन करा, सनबोर्डवर मोठे प्रिंट काढा, टांगा. स्वस्त, कुणाच्या हातापाया पडायला नको, विमा नको, चोरीची भीती नको. याला विरोध केला तो फ्रेमवाल्या काकांनी. त्यांनी छापील पान आणि मूळ कागद टेबलावर शेजारी ठेवले. छापील चित्र तळहाताएवढं. मूळ चित्र त्याच्या दुपटीहून मोठं. मूळ कागदावर निळ्या पेन्सिलीने ‘रुंदी ४ इंच’ असं संपादकाचं हस्ताक्षर होतं. ब्लॉकच्या कॅमेऱ्याला फिकी निळी रेष दिसत नसे, म्हणून सगळ्या सूचना निळ्या रंगात. एका बाईच्या नाकावर पांढऱ्या पोस्टर कलरचा थर देऊन नाक दुसऱ्यांदा काढलेलं होतं. कडेला ब्लॉकमेकरचा अंगठ्याचा ठसा होता. छापील पानावर यातलं काहीच नव्हतं, आणि ते चारपट मोठं केलं असतं तर नुसते शाईचे फाटलेले काठ दिसले असते. “लोक छापलेलं घरी बसून बघतात. इथवर यायचं ते हे बघायला,” काका म्हणाले.

दुसरा पर्याय म्हणजे संपादकपुत्राच्या अटी मान्य करणं. सर यासाठी तयार होते. त्यांचं म्हणणं असं की चित्रं त्याने रद्दीतून वाचवली, त्याचा काही हक्क आहेच, आणि चारदोन विकली गेली तर बाकीची सांभाळायची त्याला गोडी लागेल. हे म्हणणं वाटतं तितकं भोळं नव्हतं. छापखाना विकणारे शंभरातले नव्व्याण्णव जण तो माळा किलोवर मोजून देतात.

तिसरा पर्याय वकिलाची नोटीस. काकूंची मुलगी परदेशातून फोनवर तेच म्हणत होती. चौथा पर्याय मुलाशी बोलत राहण्याचा होता, पण बोलायचं कशाच्या आधारावर? इथे कुणालाच कायदा माहीत नव्हता. सगळे ‘हक्क’ हा एकच शब्द वापरत होते आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता.

कायदा काय सांगतो

फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात येणाऱ्या एका वकिलीणबाईंनी एका संध्याकाळी बसून हे उलगडून दिलं. फी घेतली नाही, चहा मात्र तीनदा घेतला. त्यांनी सांगितलेलं इथे थोडं सविस्तर मांडतो, कारण अशा प्रत्येक प्रदर्शनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

कागद आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याच्या ट्रंकेत मूळ चित्र आहे म्हणून त्याची प्रत काढायचा, पुस्तक करायचा, टी-शर्टवर छापायचा अधिकार त्याला मिळत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक निर्माता. वर्तमानपत्रात किंवा मासिकात पगारी नोकर असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून चित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतींत हक्क चित्रकाराचाच. आमचे चित्रकार तर अंकाचे नोकरही नव्हते. ते आपल्या मनाने गठ्ठा पाठवत, संपादक निवडत. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. काकूंनी जपलेल्या मनीऑर्डरच्या कूपनांवर ‘अमुक चित्रांचे मानधन’ एवढंच होतं. त्याने हक्क जात नाही.

एक खाच मात्र बाईंनी दाखवली आणि ती महत्त्वाची ठरली. याच कलम १७ मध्ये आहे की मोबदला देऊन कुणी पेंटिंग सांगून करवून घेतलं, तर वेगळा करार नसताना पहिला मालक ते करवून घेणारा. व्यंगचित्रांचा गठ्ठा आपणहून पाठवलेला, पण मुखपृष्ठं? ती संपादक पत्र लिहून मागवत, विषयसुद्धा सांगत. ट्रंकेत रंगीत मुखपृष्ठांची तीन मूळ चित्रं होती. तिथे मुलाची बाजू बरीच भक्कम होती.

मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रंसुद्धा २०३१ संपेपर्यंत मुक्त नाहीत. आर. के. लक्ष्मण २०१५ साली गेले, त्यांची २०७५ पर्यंत. ‘जुनं आहे, कोण विचारतंय’ असं म्हणून ग्रंथालयातल्या अंकांवरून प्रिंट काढायचा खजिनदारांचा मार्ग इथेच बंद झाला. त्यालाही काकूंची परवानगी लागणारच होती.

आणि कागदाचं काय? छापायला दिलेला कागद दिला की फक्त वापरायला दिला, यावर बाईंनी ठाम उत्तर दिलं नाही. परत मागितला नाही, परत दिला नाही, इतकी वर्षं गेली. कोर्टात गेलात तर दोन्हीकडे बोलायला जागा आहे, आणि काकूंचं वय बघता निकाल कोणाच्या हाती येईल ते तुम्हीच ठरवा, असं त्या म्हणाल्या. नोटिशीचा विषय त्या दिवशी संपला.

काय केलं

दुसऱ्यांदा संपादकपुत्राकडे गेले ते सर आणि खजिनदार नव्हे. काकू स्वतः गेल्या, सोबत ती कॉमिकवाली मुलगी. हा निर्णय मुलीचा होता आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात तो सर्वांत अचूक. पहिल्या भेटीत दोन पुरुषांनी ‘संस्थेतर्फे’ मागणी केली होती. त्याने धंद्यातल्यासारखं उत्तर दिलं. काकू गेल्या त्या त्याच्या आईला भेटायला. दोघी बायका वर्षानुवर्षं एकमेकींची पाकिटं उघडत आल्या होत्या आणि कधी भेटल्या नव्हत्या.

तिथे ठरलं ते एका पानावर लिहिलं गेलं. कागद मुलाकडे राहतील. हक्क काकूंचे आहेत हे तो मान्य करतो. प्रदर्शनासाठी तो मूळ चित्रं देईल आणि खाली पट्टी असेल : ‘चित्रकाराच्या कुटुंबाच्या परवानगीने, संपादकांच्या संग्रहातून’. मुखपृष्ठं दोन्ही घरांच्या सहीने लागतील. सगळ्या चित्रांचं स्कॅनिंग होईल, एक संच त्याला, एक काकूंना. विक्री प्रदर्शनात नाही. नंतर विकायचं झालं तर आधी काकूंना विचारायचं. हा शेवटचा मुद्दा ‘विचारायचं’ इतकाच लिहिला, ‘परवानगी घ्यायची’ असं नाही. मुलगा त्या शब्दावर अडून बसला होता आणि काकू म्हणाल्या, राहू दे.

मग निवड. इथे दोन बैठका वादात गेल्या. सरांचं मत, खिडकीचित्रं लावूच नयेत : सुट्टी आहे, मुलं येणार, उद्या कुणीतरी फोटो काढून टाकेल आणि चित्रकाराची आयुष्यभराची अब्रू एका फॉरवर्डमध्ये जाईल. कॉमिकवाल्या मुलीचा आक्षेप वेगळाच होता. चावटपणाचं तिला काही नव्हतं. बायकोचा लठ्ठपणा, सासू, काळी नवरी, टायपिस्ट आणि साहेब हे जे तेच ते विनोद, त्यांचा तिला कंटाळा आणि राग होता. “मी हे फ्रेम करून साजरं करणार नाही,” ती म्हणाली. काकूंना यातलं काहीच पटत नव्हतं. त्यांच्या मते लोकांना हीच चित्रं माहीत आहेत, हीच लावली नाहीत तर लोक विचारतील खिडक्या कुठे गेल्या.

तोडगा त्या मुलीनेच काढला. सगळी खिडकीचित्रं जमिनीवर पसरली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला : पान उलटल्यावर फजिती कुणाची होते? पैलवानाच्या चित्रात फजिती टाचा उंचावणाऱ्या बाबूची. ते डावीकडे. जिथे उलटल्यावर हसायचं ते बाईच्या अंगावर, रंगावर, ते उजवीकडे. गंमत अशी की डावीकडचा ढीग बराच मोठा निघाला. खिडकीचित्राची रचनाच तशी असते. चोरून बघणारा म्हणजे वाचक स्वतः, आणि पान उलटल्यावर फसतोही तोच. सरांचा अर्धा विरोध तिथे मावळला. उजवीकडच्या ढिगातली तीन चित्रं तरीही लावली, वेगळ्या पॅनलवर, ‘तेव्हा यावर हसत’ अशा मथळ्याखाली. ही पट्टी मीच लिहिली आणि त्यात उपदेश येऊ नये म्हणून ती चार वेळा छाटली गेली.

आता मांडणी. खिडकीचित्राचं मूळ म्हणजे दोन सुटे कागद. वरच्यावर पेन्सिलीने चौकोन आखलेला, चारी कोपऱ्यांत जुळवणीच्या फुल्या. भोक मूळ कागदाला नसतंच, ते छापल्यावर डाय मारून पडतं. दोन्ही कागद शेजारी शेजारी फ्रेम केले की विनोद मेला : उत्तर प्रश्नाच्या शेजारीच टांगलेलं. फ्रेमवाल्या काकांनी बरेच दिवस डोकं खाजवलं. शेवटी त्यांनी मूळ कागद काचेत लावले ते कंबरेच्या उंचीच्या तिरक्या टेबलांवर, आणि भिंतीवर लावल्या प्रती : पातळ माउंटबोर्डवर प्रिंट, चौकोन कटरने कापलेला, वरून कापडी बिजागरी. बघणाऱ्याने हाताने उचलायचं. आधी भिंत, मग टेबल. प्रती काढायची परवानगी त्या एका पानात आधीच घेतलेली होती म्हणून बरं.

कागदांची अवस्था हा वेगळाच विषय. काही चित्रांवर सेलोटेपचे तपकिरी डाग, काहींना कसर लागलेली. मुखपृष्ठं ‘फोटो कलर’ने रंगवलेली; हे पारदर्शक रंग छपाईत झळाळून येत म्हणून दिवाळी अंकवाल्यांचे लाडके, पण उजेडात भराभर उडतात. संग्रहालयांत कागदावरच्या कामासाठी उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतात. आमच्या कलादालनात हॅलोजन होते. काकांनी मुखपृष्ठांवरचे दोन हॅलोजन काढले, बाकीचे दालनाच्या माणसाने काढू दिले नाहीत. त्याचं म्हणणं, मग फोटोत काही दिसत नाही.

याच माणसाने आदल्या दिवशी आणखी एक पेच टाकला. त्याने परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मागितलं. नाटकाच्या संहितेला राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं हे खरं, पण चित्रप्रदर्शनाला तसलं काही नाही. त्याच्या छापील फॉर्मवर मात्र तो रकाना होता, कारण नाट्यगृह आणि दालन यांना फॉर्म एकच. खजिनदारांनी रकान्यात ‘लागू नाही’ लिहून खाली सही ठोकली आणि बँकेतल्या आवाजात “पुढचं सांगा” म्हणाले. काम झालं.

काय झालं

पहिल्या दिवशी उद्घाटनापुरती गर्दी. स्थानिक पानावर बातमी आली, तिच्यात फीत कापणाऱ्या पाहुण्यांचा फोटो होता, चित्र एकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर जी माणसं आली ती तोंडी बोलावण्यावरून आलेली. भिंतीवरच्या खिडक्यांपुढे रांग लागली. पोरंटोरं उचलत होती, हसत होती. चावट भाग त्यांना कळतच नव्हता, त्यांना पैलवान आवडला. आज्यांना सगळं कळत होतं. दुसऱ्या दिवसाअखेर निम्म्या बिजागऱ्या फाटल्या, काका रात्री गोंद आणि सुती पट्टी घेऊन बसले.

‘तेव्हा यावर हसत’ या पॅनलपुढे भांडण होईल असं वाटत होतं. तसं झालं नाही. लोक तिथे सर्वांत कमी थांबले. एक मध्यमवयीन बाई मात्र बराच वेळ उभ्या होत्या आणि जाताना वहीत लिहून गेल्या की अशीच चित्रं आमच्या घरी अंकातून येत आणि वडील ती मोठ्याने वाचून दाखवत, आता तीन बस झाली. सरांना हा शेरा टीका वाटला. मुलीला दाद वाटली. मला अजून ठरवता आलेलं नाही.

साभार परत आलेली चित्रं एका कोपऱ्यात, चिठ्ठ्यांसकट लावली होती. ही कल्पना काकूंची. नोकरी सांभाळून चित्रं काढणारे आजूबाजूच्या गावांतले काही जण आले होते, ते याच कोपऱ्यात अडकून राहिले. एकाने चिठ्ठ्या मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या.

संपादकांचा मुलगा तिसऱ्या दिवशी आला, आईला घेऊन. अंकाचं नाव त्याला हवं होतं तितकं मोठं नव्हतं, ते त्याने बोलूनही दाखवलं. मुंबईचं गिऱ्हाईकही येऊन गेलं. तिथे काही विकलं गेलं नाही. दोन महिन्यांनी मुलाने काकूंना फोन केला की एक मुखपृष्ठ देतोय. विचारणं झालं. काकू ‘नको’ म्हणाल्या. मुखपृष्ठ गेलं.

नुकसानही झालं. हॅलोजनखालच्या एका चित्राचा कागद उष्णतेने वळला आणि काचेला चिकटला. सोडवताना पोस्टर कलरचा थर निघाला; म्हणजे दुरुस्त केलेलं नाक गेलं आणि खालचं पहिलं नाक वर आलं. चित्रकाराला जे झाकायचं होतं तेच आता दिसतं. मुलाने भरपाई मागितली नाही, पण पुढच्या वेळी चित्रं देईलच असं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्तात टाळता आलं असतं ते नाकाचं नुकसान. दालन बघायला गेलो तेव्हा भाडं, पॅनल, खिळे मारायची बंदी, सगळं विचारलं. दिवे कुणी विचारले नाहीत. भाड्याने साधे एलईडी आणले असते तर खर्च बॅनरपेक्षा कमी आला असता. आणि चित्र ताब्यात घेताना प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो, डाग, चिरा, घड्या यांची नोंद आणि दोघांची सही, हे झालं नव्हतं. त्यामुळे कोणता डाग आधीचा यावर आजही दुमत आहे.

‘विचारायचं’ हा शब्द काकूंनी सोडून दिला तेव्हा कुणीतरी थांबवायला हवं होतं का? वकिलीणबाईंचं म्हणणं, हो. किमान किंमत आणि पहिली खरेदी कुटुंबाला, एवढं एक वाक्य घालता आलं असतं. सरांचं म्हणणं, त्या एका वाक्यापायी ट्रंका उघडल्याच नसत्या. मी इथे सरांच्या बाजूने आहे, पण एका बदलासह. मुखपृष्ठांसाठी वेगळं पान करायला हवं होतं. तिथे मुलाचा हक्क खराच होता, तो सरळ मान्य करून, त्या बदल्यात व्यंगचित्रांच्या कागदांवर पक्का शब्द घेता आला असता. सगळं एका पानात कोंबल्याने देवाणघेवाणीला जागाच उरली नाही.

निवडीबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. तीन चित्रांचं पॅनल ठीक झालं, पण ते बाहेर जायच्या वाटेवर, शेवटी लावलं गेलं. शेवटी लावलेल्या गोष्टीला कबुलीचा वास येतो. मध्ये, त्याच वर्षांच्या इतर चित्रांच्या सोबत ते लावलं असतं तर एकाच हाताने पैलवानही काढला आणि सासूही, हे बघणाऱ्याला आपसूक दिसलं असतं.

कॉमिकवाल्या मुलीला प्रदर्शनात तिची स्वतःची चित्रं लावायला एक टेबल द्यायचं ठरलं होतं. ते ऐन वेळी स्मरणिकांच्या गठ्ठ्यांना गेलं. तिने तेव्हा काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षीच्या बैठकीला ती येताना अट घेऊन आली : अर्धी भिंत आज काढणाऱ्यांची, आणि लावलेल्या प्रत्येक चित्राचं मानधन, थोडं का होईना, प्रदर्शन उघडायच्या आधी. खजिनदारांनी हिशेब मांडला तेव्हा स्मरणिका बंद केली तर हे जमतं असं निघालं. स्मरणिका म्हणजे जाहिराती, आणि जाहिराती म्हणजे गावातले संबंध, त्यामुळे तो निर्णय अजून झालेला नाही. स्कॅनचा काकूंचा संच तिच्याकडे आहे. चित्रांचं पुस्तक करायचं तर संपादकांच्या मुलाची मुखपृष्ठांपुरती सही लागेल, आणि त्याने कळवलं आहे की विकलेलं मुखपृष्ठ पुस्तकात घ्यायचं असेल तर आता नव्या मालकालाही विचारा. त्यावर वकिलीणबाईंचं उत्तर आलं : फोटो काढू देतो का तेवढं त्याला विचारा, छापायचा हक्क त्याला लेखी दिला नसेल, तर तो कागदाबरोबर गेलेला नाही.